टाका आणि चिमटा

आमच्या डॉक्टरांकडे कोकरू घेऊन येणाऱ्याला वाटे, हे आधी डोळा बघतील. कोकराचा डोळा गळत असे, पापणी आत वळलेली असे, तिचे केस बुबुळावर घासून घासून डोळ्यात फूल पडायच्या बेतात असे. आणणारा माणूस कोकराचं तोंड पुढे करी. डॉक्टर मात्र आधी शेपटी उचलत.

"नर आहे," ते म्हणत. "डोळा देतो. वंश देणार नाही. कबूल असेल तर ठेव टेबलावर."

हा त्यांचा कायदा होता. सरकारच्या कुठल्याही पुस्तकात तो नव्हता. आत वळलेली पापणी बापाकडून येते, म्हणून मेंढपाळाने असा नर पैदाशीला ठेवू नये, एवढाच सल्ला पुस्तकात होता. डॉक्टरांना सल्ला या प्रकाराचाच तिटकारा होता. त्यांचं म्हणणं असं, की सल्ला माणूस फाटकापर्यंत नेतो आणि तिथल्या बाभळीला अडकवून घरी जातो. म्हणून ते पापणीला टाका घालत आणि त्याच टेबलावर कोकराला चिमटा लावून खच्ची करत. मादी असली तर टाका घालून कानाला खाच पाडत आणि "हिची कोकरं ठेवू नका" एवढं बजावून सोडून देत. एक मेंढी बिघडवून बिघडवून किती बिघडवणार? एक मेंढा मात्र दोन वर्षांत अख्खा वाडा बिघडवतो. वाडा म्हणजे कळप. मेंढपाळांचा तोच शब्द होता आणि डॉक्टरांनी तो उचलला होता.

मी त्या मेंढी पैदास केंद्रात कारकून होतो. घर नाशिकला, गंगापूर रोडला, शिक्षण इतिहासाचं, नोकरी सटाण्याच्या बाजूला एका उघड्या माळावर. सत्तरीच्या त्या दशकात मुलाला सरकारी नोकरी लागली, की ती कोणत्या प्राण्याच्या खात्यात लागली हे घरचे विचारत नसत. हजर व्हायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझा नेमणुकीचा कागद बघितला नाही. त्यांनी अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली, आतली बाजू उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "फिकट. पोटात जंत असतील." मेंढीच्या अंगात रक्त किती उरलंय ते असंच बघतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की माझा साहेब वेडा आहे.

पापणी ओढायची ही सवय त्यांनी कुणाचाच मुलाहिजा न ठेवता चालवली. नाशिकच्या कचेरीतले आमचे मोठे साहेब एकदा सहकुटुंब पाहणीला आले. बाईंना कोकरांचं कौतुक वाटत होतं. डॉक्टर पुढे झाले, "जरा वर बघा," म्हणाले आणि बाईंची पापणी ओढून मोठ्या साहेबांकडे वळले. "रक्त कमी आहे. चार मेंढ्यांमागे एकीला मी इतकं फिकट बघतो." बाईंनी गोळ्या घेतल्या, बऱ्या झाल्या आणि आठवणीने पेढे पाठवले. मोठ्या साहेबांनी मात्र डॉक्टरांना त्या दिवसापासून मनातून क्षमा केली नाही. मनात न ठेवता बोलून दाखवण्याइतका तो माणूस मोकळा नव्हता.

डॉक्टर मेंढ्यांना अहो-जाहो करत आणि माणसांना अरे-तुरे. "या बाई, पाय उचला," हे मेंढीला. "ए, दार धर," हे मला. मी एकदा कारण विचारलं. "ती रजेचा अर्ज देत नाही," ते म्हणाले. मोठेपणा या गोष्टीची त्यांना विलक्षण चीड होती. कुणी आपल्या घराण्याबद्दल बोलायला लागलं की ते लक्षपूर्वक ऐकून घेत आणि विचारत, "सगळं ठीक. पण तुमच्यात डोळ्याने अधू कोण होतं ते सांगा." आमच्या भांडारपालाने मुलीसाठी स्थळ बघायला चार वडीलधारी माणसं नेली, त्यात यांनाही नेण्याची चूक केली. मुलाचे वडील आजोबांच्या इनामाविषयी सांगत होते. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "आजोबांचे दात कधी पडले?" लग्न जमलं, पण वरपक्षाने "ते दाताचे गृहस्थ" लग्नाला येऊ नयेत असं सुचवलं होतं.

हे सगळं लांबून गमतीचं वाटतं. जवळून डॉक्टर आवडण्यासारखे नव्हते. त्यांच्या कायद्यापायी माणसं रडत परत जात. शिवाय दिवस नसबंदीचे. सरकारी माणूस हत्यार घेऊन गावात शिरला की आधी मेंढपाळ पळत आणि त्यांच्यामागे मेंढ्या. अशा काळात खच्ची करण्याचा चिमटा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून त्याच्याखाली बसणारा माणूस लोकांना कसा वाटत असेल, याचा विचार डॉक्टरांच्या मनाला शिवत नसे.

आबा म्हणून एक म्हातारा ठेलारी मेंढपाळ होता. त्या भागातल्या मेंढपाळांत त्याचा वाडा मोठा, आणि जीभ वाड्याहून मोठी. त्याचा जुना मेंढा थकला होता आणि वर्षभर तो त्याच्या सर्वांत चांगल्या मेंढीला नर होण्याची वाट बघत होता. झाला. काळाभोर, रुंद छातीचा, आणि दोन्ही पापण्या आत. आबा त्याला खांद्यावर टाकून ऐन उन्हात आला.

डॉक्टरांनी शेपटी उचलली आणि कायदा सांगितला.

"डोया गया ते जाऊ द्या," आबा म्हणाला. "बीज राहू द्या."

"मग घेऊन जा. आणि पुढच्या वर्षी याची आंधळी पोरं घेऊन माझ्या दारात येऊ नका."

"तुमनं दार शे का सरकारनं?"

"सरकारचं आहे, म्हणून तर तुम्ही आत आहात. माझं असतं तर फाटकातूनच परत पाठवलं असतं."

आबा कोकरू घेऊन बाहेर गेला आणि निंबाखाली बसला. मला खिडकीतून ते दिसत होतं. कोकरू मिनिटामिनिटाला डोळा त्याच्या धोतराला घासत होतं आणि म्हातारा दर वेळी त्याचं डोकं हाताने बाजूला करत होता. काही वेळाने तो डोकं बाजूला करेनासा झाला. डॉक्टर आत दुसरी कामं करत होते. पण त्यांनी टाक्याची सुई उकळून ठेवली होती आणि ती पुन्हा उकळायला लावली. ऊन उतरल्यावर आबा आत आला, कोकरू टेबलावर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"करी टाका."

टाका झाला. चिमटा झाला. डॉक्टरांनी चहा मागवला, तो आबाने घेतला नाही. "तुमना हातले यश शे, डॉक्टरसाहेब," तो जाता जाता म्हणाला, "पन मनमा दया नही."

डॉक्टर हात धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. तो माणूस गेल्यावर मला म्हणाले, "दया मी केली. त्याला ती दोन वर्षांनी दिसेल."

आता लाटसाहेबाविषयी.

लाटसाहेब हा परदेशातून आलेला मेंढा. आमच्याकडच्या काळ्या मेंढीची लोकर घोंगडीपुरती. तिच्यातून बारीक पांढरी लोकर काढायची तर पांढरा बाप आणायला हवा, अशी ती योजना होती. मुंबईहून मालट्रकने आग्रा रोडने तो आला. मोठ्या साहेबांनी मालेगावहून बँड मागवला होता. नारळ फुटला, हार घातला. लाटसाहेबाने हारातला झेंडू शांतपणे खाल्ला आणि मोठे साहेब लोकरीच्या गंगेवर बोलत असताना लेंड्या टाकल्या. समारंभाबद्दल मला जे वाटत होतं ते इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी मांडलं नसतं. नाव आम्हीच ठेवलं. त्याचं खरं नाव फार लांब होतं, त्यात दोन आकडे होते.

त्याच्याबरोबर त्याच्या घराण्याचा कागद आला होता. बाप, आजा, पणजा, त्यांचे बाप, शिक्के, सह्या. मी तो वाचला तेव्हा माझं घराणं मला फारच त्रोटक वाटलं. डॉक्टर आता काय म्हणतात म्हणून मी कान टवकारून उभा होतो. आजोबांचे दात विचारणारा हा माणूस! डॉक्टरांनी कागद उभ्याने वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "याला म्हणतात माणसांनी केलेलं काम," आणि कागद घडी न घालता आत नेला.

त्या दिवसापासून ते बदलले. लाटसाहेबाच्या गोठ्याला ओल्या गोणपाटाचे पडदे लागले. मेंढ्यांना अहो म्हणणारे डॉक्टर त्याला "आपण" म्हणू लागले. "आपण सकाळी खाल्लं नाहीत." ठेलारी लोक कुंपणापलीकडून बघून हसत. पांढरं जनावर लांडग्याला लांबून दिसेल, असं एकाने म्हटलं. बारीक लोकर बाभळीला अडकून मेंढाच झाडाला लटकेल, असं दुसऱ्याने. डॉक्टर कुणाचंही बोलणं एरवी कानाआड करत, यावर भांडत. आपल्या माणसाची कुणी चेष्टा केली की भांडतो, तसं.

पुढच्या हिवाळ्यात लाटसाहेबाची पोरं जन्मली. पांढरी, उंच, देखणी. आणि बऱ्याच जणांचे डोळे गळू लागले.

"धूळ," डॉक्टर म्हणाले.

शेडवरच्या मजुराने गावच्या रिवाजाने मीठ चावून डोळ्यात थुंकण्याची तयारी केली, तेव्हा डॉक्टर त्याच्यावर ओरडले. पण स्वतः आठवडाभर त्यांनी डोळे धुण्यापलीकडे काही केलं नाही. एका सकाळी सह्यांसाठी मी शेडमध्ये गेलो. डॉक्टर पालथ्या बादलीवर बसले होते. गुडघ्यांत पांढरं कोकरू. ते अंगठ्याने त्याची पापणी बाहेर वळवत, अंगठा सोडत, आणि पापणी हळूच आत वळे. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "धूळ आहे." मी काही विचारलं नव्हतं.

दुपारी त्यांनी टाके घालायला घेतले. एवढ्या लहान वयात काम सोपं असतं. पापणीच्या खाली एक टाका घालून ती बाहेर ओढून ठेवायची. काही दिवसांनी टाका काढला की पापणी तशीच राहते आणि मागे खूणसुद्धा उरत नाही. पहिलं कोकरू नर होतं. मजुराने सवयीने खिळ्यावरचा चिमटा काढला.

"राहू दे तो," डॉक्टर म्हणाले. "हा हवेचा दोष आहे. पहिल्या पिढीला हवा मानवत नाही. याचा वंशाशी संबंध नाही."

मजुराने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. मला जनावरांतलं काही कळत नव्हतं, पण डॉक्टरांचा कायदा मला पाठ होता आणि त्याला हवेचं पोटकलम असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. संध्याकाळपर्यंत एकामागून एक नर टेबलावर येत राहिले आणि चिमटा खिळ्यावर राहिला. कानाला खाचही कुणाला पाडली नाही.

डोळे बरे झाले. इतके बरे झाले, की टाका कुणाला घातला आणि कुणाला नाही हे ओळखू येईना. सगळे एकत्र वाढले, एकत्र चरले आणि वर्षभरात असे देखणे तरणे मेंढे झाले, की मोठ्या साहेबांनी वाटपाचा समारंभ जाहीर केला. लाटसाहेबाचे मुलगे परिसरातल्या मेंढपाळांना पैदाशीसाठी देण्यात येतील. प्रमुख पाहुणे मुंबईहून येतील.

त्याच हिवाळ्यात लाटसाहेबाची दुसरी कोकरं जन्मली. त्यांचेही डोळे गळू लागले. शेजारच्याच कप्प्यात गावठी मेंढ्यांची काळी कोकरं होती, गावठी बापाची. त्यांचे डोळे कोरडे.

डॉक्टर माझ्या खोलीत आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. ते कधी बसत नसत. "हवा तीच," ते म्हणाले. "शेड तीच. चारा तोच." बराच वेळ त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "वाटपाचे मेंढे द्यायचे नाहीत. चल, नाशिकला जाऊ."

आम्ही एसटीने निघालो. त्यांचा सगळा जन्म ज्या एका गोष्टीवर उभा होता ती त्यांनी स्वतः मोडली होती. ते मेंढे वाड्यावाड्यांत गेले तर पुढची आंधळी कोकरं मोजायला कुणी बसणार नव्हतं. पण डॉक्टरांना ती सगळी आपल्या हातची वाटणार होती.

मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी परवाच बघितले मेंढे. डोळ्यांना काही झालेलं नाही."

"तेच सांगतोय. मी नीट केलेत."

"मग उत्तमच की!"

"डोळे नीट केलेत, साहेब. बीज नाही."

"शिवलेले कोणते?"

"सांगता येत नाही."

"तुम्हालाच सांगता येत नाही," मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले, "तर मेंढपाळाला काय कळणार?"

"दोन वर्षांनी कळेल."

"डॉक्टर, दोन वर्षांत किती बदल्या होतात?" साहेबांनी घंटी वाजवून चहा मागवला. "लाटसाहेब... म्हणजे तो मेंढा आणायला शिफारस कोणाची होती? तुमचीच. मग आता तरी त्याची अब्रू राखा."

डॉक्टरांनी चहा घेतला नाही. मला निंबाखालचा म्हातारा आठवला.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी केंद्रावर पोचलो, तेव्हा डॉक्टर मेंढ्यांच्या कप्प्यात चिमटा घेऊन उभे होते. कोणते शिवलेत ते ठाऊक नसेल तर सगळेच खच्ची करायचे, असा त्यांचा विचार दिसत होता. पहिल्या मेंढ्याला त्यांनी धरलंही होतं. तेवढ्यात मोठ्या साहेबांची जीप आत आली. साहेब उतरले, काय चाललंय ते त्यांना एका नजरेत कळलं, आणि त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. सरकारी मालमत्ता आहे."

"मेंढेसुद्धा सरकारीच आहेत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच."

चिमटा जीपमध्ये सीटखाली गेला. "तुम्ही व्यासपीठावर माझ्या शेजारी बसा," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आणि हात माझ्या नजरेसमोर राहू द्या."

माळावर मांडव पडला होता. मेंढ्यांना आंघोळ घातली होती, पाठीवर गुलाल, शिंगांना बेगड. ठेलारी आपापली घोंगडी टाकून बसले होते आणि मुलाबाळांसकट जेवणाची वाट बघत होते. मोठे साहेब बोलले. लोकरीची गंगा पुन्हा आली. या खेपेला तिला दोन उपनद्याही मिळाल्या. प्रमुख पाहुणे येणाऱ्या पिढ्यांविषयी बोलले. या मेंढ्यांचे वंशज या माळावर हिंडताना त्यांना दिसत होते. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मी व्यासपीठाच्या कडेला नावं वाचून दाखवायला उभा होतो. पहिलं नाव आबाचं होतं, कारण वाडा त्याचा मोठा.

आबा काठी टेकत वर आला. पाहुण्यांनी मेंढ्याची दोरी पुढे केली आणि चेहरा छायाचित्रकाराकडे वळवला. आबाने दोरी घेतली नाही. त्याने काठी माझ्या हातात दिली आणि मेंढ्याजवळ उकिडवा बसला. मेंढा घ्यायचा तर आधी हात लावून बघायचा आणि मगच दोरी धरायची, ही त्या लोकांची रीत होती, आणि पाहुणे मुंबईचे आहेत म्हणून ती मोडण्याचं कारण आबाला दिसत नव्हतं. त्याने ओठ वर करून दात बघितले. खूर उलटून बघितले. मग मागून खाली हात घालून जे बघायचं ते सावकाश, दोन्ही बाजूंनी बघितलं. पाहुणे दोरी धरून हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते. खालून कुणीतरी ओरडलं, "आबा, पसंत शे का?" आणि मांडव हसला.

आबा उठला. पांढऱ्या कोकरांचे गळते डोळे ठेलाऱ्यांनी कुंपणापलीकडून बघितलेले होते. त्याने पाहुण्यांकडे बघितलं नाही.

"डॉक्टरसाहेब, हाऊ शिवेल शे का?"

ध्वनिक्षेपक चालू होता. प्रश्न सगळ्या माळावर गेला.

"आबा, दोरी घ्या," मोठे साहेब म्हणाले. "फोटो व्हायचाय."

"मी त्यास्ले इचारी राह्यनू."

डॉक्टर उभे राहिले. मोठ्या साहेबांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरल्याचं मला मागून दिसत होतं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. मांडवातलं हसू थांबलं.

"काही शिवलेत, काही नाहीत. कोणते ते मला ओळखता येत नाही. सगळ्यांचा बाप एक आहे. बाप खराब आहे."

"डॉक्टरांची प्रकृती..." मोठे साहेब ध्वनिक्षेपकाकडे सरकले. आबाने त्यांच्याकडे हात नुसता आडवा केला, मेंढीला अडवतात तसा. ते अडले.

"मना काया कोकराले काय करं तुम्ही?" आबाने विचारलं.

"डोळा शिवला. चिमटा लावला."

"मंग याले कसाले सोडं?"

डॉक्टरांना खोटं बोलायची ती उत्तम संधी होती; हवा होती, पहिली पिढी होती, परदेशी शास्त्र होतं. त्यातलं एकही आबाला खोडता आलं नसतं.

"हा मोठ्या घरचा वाटला," डॉक्टर म्हणाले.

आबा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की समाधान ते मला आजही सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "चिमटा लावा. मंग दोरी धरस मी."

"आबा, खच्ची मेंढा घेऊन तुम्ही करणार काय?" मोठे साहेब जवळजवळ केविलवाणे झाले होते.

"एक शेच मना घर," आबा म्हणाला. "याच डॉक्टरनं करेल. त्याले जोडी व्हई."

मांडवात पुन्हा हसू फुटलं, पण ते वेगळं होतं. त्यात कुणी आमच्या बाजूने हसत नव्हतं. डॉक्टर व्यासपीठावरून उतरले आणि जीपकडे चालू लागले. "डॉक्टर, परत या. हा आदेश आहे," मोठे साहेब म्हणाले, आणि तेही माळभर ऐकू गेलं. जीपजवळ ड्रायव्हर उभा होता. त्याने साहेबांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग सीट उचलली आणि लघवीला जायचं असल्यासारखा दुसरीकडे निघून गेला.

डॉक्टर चिमटा घेऊन परत आले. आमच्या मजुरांपैकी कुणी पुढे झालं नाही. नोकरी सगळ्यांना होती. आबानेच मेंढा गुडघ्यांत दाबून धरला. डॉक्टर खाली वाकले. मेंढा एकदाच कण्हला, आणि तो आवाज ध्वनिक्षेपकातून इतका मोठा झाला, की पाहुण्यांनी मांडवाच्या कापडाकडे बघायला सुरुवात केली. आबाने दोरी हातात घेतली, काठी माझ्याकडून परत घेतली आणि तो खाली उतरला. मी दुसरं नाव वाचावं की नाही या विचारात होतो. नाव न वाचताच दुसरा ठेलारी उठून वर आला, आणि त्याने मेंढा गुडघ्यांत धरला.

पाहुणे न जेवता गेले. पुढे चौकशी झाली, सरकारी मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल. डॉक्टरांची बदली कोंबड्यांच्या केंद्रावर झाली, तिथे म्हणे त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन अधिकाऱ्यांच्या पापण्या ओढल्या. चौकशीत त्यांनी बचाव केला नाही. लाटसाहेबाची शिफारस माझी, टाके माझे, चिमटा माझा, असं सांगून ते मोकळे झाले. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. आबाशी त्यांची दोस्ती झाली असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण आबा त्यानंतर केंद्रावर फिरकला नाही. त्याने नवा मेंढा कुठून आणला तेही मला ठाऊक नाही.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

माणसं पांगली. मांडववाले दोऱ्या सोडत होते. डॉक्टर मला म्हणाले, "चल, त्याचं डोकं धरायला कुणीतरी हवं." आम्ही लाटसाहेबाच्या गोठ्यात गेलो. गोणपाटं वाळली होती. लाटसाहेब रवंथ करत होता. त्या जातीच्या मेंढ्यांची लोकर तोंडावरसुद्धा वाढते, गालांवर, कपाळावर, थेट डोळ्यांच्या कडेपर्यंत. तिच्यातून डोळे खिडकीतून डोकावल्यासारखे दिसतात. आम्हाला ते फार राजबिंडं वाटायचं. डॉक्टरांनी कात्री आणली होती. मी शिंगं धरली, आणि ते डोळ्याखालची लोकर कापू लागले. खालची गुलाबी कातडी उघडी पडली. डॉक्टर अगदी जवळ वाकले. मग त्यांनी माझा अंगठा धरला आणि पापणीच्या खाली टेकवला.

एक बारीक रेघ लागली. दोऱ्यासारखी, पापणीला समांतर.

दुसऱ्या डोळ्याखालीही होती. आमच्याकडच्यासारखा नुसता टाका नव्हता तो. कातडीची पट्टी कापून काढून कडा शिवल्या होत्या, कायमच्या. लाटसाहेब लहान असताना, समुद्रापलीकडे, कुणीतरी.

डॉक्टर त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. बाहेर कुणीतरी खांब उपटत होतं. त्यांना राग येईल, ते तो घराण्याचा कागद आणून फाडतील, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही.

"हात बघ," ते म्हणाले. "किती सुरेख. मला इतकं नीट जमलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यालाही हा आवडला असणार."

मग त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मागचे पाय धर," ते म्हणाले. "घट्ट."